छपराविना डबा आणि चार जीबीची मेमरी

‘लॅपटॉप हँग होतो’ ही तक्रार आता खटाव-माणच्या कोणत्याही गावात ऐकू येते आणि तिच्यावरचे उत्तरही ठरून गेले आहे : ‘जुना झाला, नवा घ्या.’ हे उत्तर विक्रेता देतो, पुण्याला नोकरीस असलेला भाचा देतो, आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्या चळवळीतले सुशिक्षित कार्यकर्तेही देतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. ज्याच्या खिशाला ते परवडत नाही त्याच्याच गळ्यात ते मारले जाते. आणि ते चुकीचे असूनही टिकून राहावे यात काही बलाढ्य हितसंबंध गुंतलेले आहेत.

यावर कोणी म्हणेल, हा तांत्रिक प्रश्न झाला, पक्षाच्या साप्ताहिकात त्याचे काय काम? विहिरीवरच्या इंजिनाचा सुटा भाग कोणत्या भावाने आणि कोणाकडून मिळतो, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे असे आपण कधी मानले नाही. मग लॅपटॉपच्या बाबतीतच ही अलिप्तता का? लॅपटॉप म्हटले की विमानतळावरचा व्यवस्थापक डोळ्यांपुढे येण्याचे दिवस केव्हाच सरले. आज वडूजच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, दाखले काढून देणारा केंद्रचालक, दूध संस्थेचा सचिव, घरबसल्या टंकनाची कामे घेणारी गृहिणी, यांच्या पोटापाण्याचे ते साधन आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांची यंत्रे जुन्या बाजारातून आलेली, शहरी कंपन्यांनी वापरून टाकलेली असतात. उत्पादनाचे साधन कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी या साधनाचे झाकण कोण उघडू शकतो हेही विचारले पाहिजे.

प्रथम रोग समजून घेऊ. ज्वारीच्या सुगीचे उदाहरण घ्यावे. कणगीत किती पोती मावतात हा एक प्रश्न, आणि खळ्यावर एका वेळी किती कणसे पसरता येतात हा अगदी निराळा प्रश्न. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क ही कणगी आणि रॅम म्हणजे खळे. मेमरी कमी पडते म्हणून लोक घाईघाईने लग्नाचे फोटो पुसून टाकतात. पण खळ्याची अडचण कणगी रिकामी करून सहसा सुटत नाही. खळे भरले म्हणजे यंत्र थांबत नाही. ते खळ्यावरची काही कणसे उचलून कणगीत टाकते आणि ती पुन्हा लागली की परत आणते. ही जी अखंड ने-आण सुरू होते, तिलाच आपण हँग होणे म्हणतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर ही ने-आण फारच संथ असते. डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, माउसचा बाण हलत नाही, आणि मालकाला वाटते की यंत्र म्हातारे झाले. वस्तुतः यंत्राचे हातपाय धड असतात, त्याला काम करायला जागा नसते एवढेच.

निदान करण्यास अभियंता लागत नाही. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ पाहावे. एकूण रॅम किती, वापरात किती, आणि किती स्लॉटपैकी किती भरलेले, हे तेथे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. ‘दोनपैकी एक’ असे दिसले तर ती आनंदाची बातमी समजावी : एक खाच मोकळी आहे. मेमरीचा काही हिस्सा पडद्यावर चित्र उमटवणारा भाग आधीच काढून घेतो, म्हणून चार जीबीचे म्हणून विकलेले यंत्र कामाला पुरते चार जीबीचे नसते. ३२-बिटचे विंडोज असेल तर चार जीबीच्या वर कितीही रॅम घाला, ती वाया जाते. तेव्हा तेही पाहून घ्यावे. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ची यादी असते. यंत्र सुरू होताच न बोलावता येऊन ओसरीवर बसणाऱ्या पाहुण्यांची ती यादी होय. त्यांतले निम्मे निरोप देऊन घालवता येतात. ब्राउझरमध्ये वीस-वीस टॅब उघडे ठेवण्याची सवय सोडली तर आणखी थोडे खळे मोकळे होते. पैसा खर्च न करता होण्याजोगे एवढेच आहे, आणि ते आधी करावे.

‘मेमरी क्लीनर’, ‘बूस्टर’ अशा नावांनी जे कार्यक्रम फुकट वाटले जातात त्यांना मात्र दाराबाहेरच ठेवावे. ते खळ्यावरचा माल जबरदस्तीने कणगीत ढकलतात, क्षणभर जागा झाल्याचा आकडा दाखवतात, आणि पुढच्याच मिनिटाला तो माल परत आणण्याचे कष्ट यंत्राला पडतात. वर ते स्वतः मेमरी खातात ते वेगळेच.

गेल्या वर्षी वडूजमधील एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप दुसऱ्या गावच्या दुकानदाराने ‘निकामी’ ठरवला होता. आईने भिशीतून पैसे उचलून नवा घेण्याची तयारी केली होती. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि एक रिकामा स्लॉट, असे ते यंत्र. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने त्यात रॅमची आठ जीबीची पट्टी घातली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. काम काय? यंत्र बंद करायचे, मागच्या झाकणाचे स्क्रू काढायचे, आतील बॅटरीची जोडणी सोडवायची, पट्टी तिरपी सरकवून चाप बसेपर्यंत खाली दाबायची. डीडीआर-३ची पट्टी डीडीआर-४च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, तेव्हा प्रकार तेवढा आधी पाहून घ्यायचा. वेळ गेला तो जुन्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर उतरवण्यात. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मुलीचा अभ्यास सुरळीत चालू झाला. यात चमत्कार काही नाही. असे घडू नये अशी व्यवस्था मात्र जगभर पद्धतशीरपणे उभी राहत आहे, आणि मुख्य मुद्दा तोच आहे.

त्या मुलीचे सुदैव हे की तिचे यंत्र जुने होते, म्हणून त्यात स्लॉट होता. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम ही पट्टी नसतेच. तिच्या चकत्या मदरबोर्डावर डाख देऊन कायमच्या बसवलेल्या असतात. चार किंवा आठ जीबी घेतली की जन्मभर तेवढीच. असे का करतात? कंपन्या सांगतात : जाडी कमी होते, वीज वाचते, वेग वाढतो. यात तथ्य अजिबात नाही असे नाही. कमी विजेवर चालणारी विशिष्ट प्रकारची मेमरी प्रोसेसरच्या जवळ डाखली तर लाभ होतो, हे खरे. पण तीच मेमरी काढता-घालता येणाऱ्या सपाट पट्टीवरही बसवता येते. २०२३च्या डिसेंबरमध्ये जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्यासाठीचे मानक प्रसिद्ध केले आणि २०२४मध्ये अशा पट्टीचा लॅपटॉप बाजारातही आला. म्हणजे विज्ञान आडवे येत नाही. आडवे येते ते वेगळेच आहे, आणि ते समजण्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

ज्यूल द्युपुई हा फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ. रेल्वेच्या भाड्याविषयी १८४९ साली लिहिताना त्याने एक साधा प्रश्न विचारला : तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नाही, आणि त्यांतली बाके अशी उघडीबोडकी का? छपराचा खर्च कंपनीला झेपत नाही म्हणून नव्हे, असे त्याने दाखवले. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम हालाचा ठेवायचा असतो. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता. मध्यमवर्गीयाला भिववण्यात होता. भिजत मात्र गरीबच होता. अर्थशास्त्राच्या वर्गात किंमतभेदाचा सिद्धांत शिकवताना आलेखांपेक्षा हा एक डबा अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

चार-आठ जीबीचा डाखलेला लॅपटॉप हा तो छपराविना डबा आहे. अॅपल कंपनीने २०१२च्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम डाखून टाकली. पुढे कित्येक वर्षे आठऐवजी सोळा जीबी हवी असेल तर ती खरेदीच्या वेळीच, दोनशे डॉलर जादा मोजून घ्यावी लागे. आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये याच कंपनीने मॅकबुक एअरची किमान मेमरी आठवरून सोळा जीबी केली. मूळ किंमत होती तीच ठेवली. छप्पर घालायला किती खर्च येत होता, याचा हिशेब कंपनीने स्वतःच मांडून दिला! अॅपलचे यंत्र खटाव तालुक्यात कोण घेतो, असे कोणी म्हणेल. पण श्रीमंतांच्या यंत्रात रूढ झालेली रीत स्वस्त यंत्रात उतरायला वेळ लागत नाही, आणि तिचा फटका स्वस्त यंत्रालाच अधिक बसतो. श्रीमंत सोळा जीबी घेऊन मोकळा होतो, चार जीबीच्या मालकाला मात्र वाढवण्याचा मार्गच उरत नाही.

डब्याला छप्पर घालणारी माणसेही इतिहासात झालेली आहेत. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ साली नावापुरता गेला, बाके तीच लाकडी राहिली. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील त्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली. पहिला वर्ग काढून टाकण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला माणसात आणावे, ही त्यामागची दृष्टी होती. आज एखादा सरकारी अधिकारी शाळांसाठी हजार लॅपटॉपची निविदा काढतो तेव्हा ‘रॅमचा एक स्लॉट मोकळा असावा’ ही एक ओळ घालायला त्याला फोमच्या गादीइतकाही खर्च येणार नाही. पण अशी ओळ घाला, असा आग्रह धरणारा कोणी लागतो.

आता या मेमरीचे उत्पादक कोण ते पाहू. जगातील बहुतांश रॅम तीन कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. मक्तेदारीची व्याख्या शिकवायला याहून सोयीचे उदाहरण नको. १९९८ ते २००२ या सुमारास या धंद्यातील कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचे उघडकीस आले. अमेरिकेत २००४ ते २००६ या वर्षांत इन्फिनिऑनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी, सॅमसंगला ३० कोटी आणि एल्पिडाला ८.४ कोटी डॉलर दंड झाला. २०१०मध्ये युरोपीय आयोगाने एकूण ३३ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. मायक्रॉन सुटली, कारण ती माफीची साक्षीदार झाली. १९२४ साली ऑसराम, फिलिप्स आदी कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन विजेचा दिवा हजार तासांपेक्षा जास्त जळू द्यायचा नाही असे ठरवले होते आणि जास्त टिकाऊ दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड लावला होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

२०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव पुन्हा भडकले. या वेळी कारण सांगितले गेले ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे. तिच्या महाकाय केंद्रांना लागणारी मेमरी अधिक नफ्याची, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि सामान्यांच्या पट्ट्या दुर्मिळ झाल्या. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने जाहीर केले की, किरकोळ ग्राहकांना ‘क्रूशल’ या नावाने रॅम विकण्याचा आपला धंदा आपण बंद करीत आहोत. ही तीच पट्टी, जी तालुक्याच्या दुकानात टांगलेली असे. टंचाई म्हणजे काय हे आपल्या दुष्काळी भागाला शिकवावे लागत नाही. पाऊस न पडल्याने येते ती टंचाई आणि वरच्या अंगाला पाणी वळवल्याने खालच्या शिवारात येते ती टंचाई, यांतला फरकही आपण जाणतो. रॅमची ही टंचाई दुसऱ्या जातीची आहे.

आणि या पाण्याच्या पाटाला पैसा कोणाचा? जून २०२३मध्ये याच मायक्रॉनचा प्रकल्प गुजरातेत साणंद येथे जाहीर झाला. मेमरीच्या चकत्यांची जोडणी आणि चाचणी तेथे व्हायची. एकूण गुंतवणूक २७५ कोटी डॉलरपर्यंत. त्यांत कंपनीचा वाटा ८२.५ कोटींपर्यंत. उरलेल्यांपैकी प्रकल्पखर्चाचे ५० टक्के केंद्र सरकार आणि २० टक्के गुजरात सरकार देणार, असे ठरले. म्हणजे शंभरातील सत्तर रुपये जनतेचे. सार्वजनिक क्षेत्राला ‘पांढरा हत्ती’ म्हणून हिणवणारे लेखणीबहाद्दर येथे मूग गिळून बसले. सत्तर टक्के भांडवल देणाऱ्याला कोणत्याही धंद्यात काही विचारण्याचा अधिकार असतो. देशातील शाळांना, विद्यार्थ्यांना रास्त भावाने इतक्या पट्ट्या मिळाल्या पाहिजेत, एवढी अट घालावी असे संसदेत किंवा वृत्तपत्रांत कोणी आग्रहाने मांडल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या पक्षानेही ते मांडले नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

खळे अपुरे ठेवण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा म्हणजे माल फुगवणे. २००१च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी मेमरी पुरे. २००९च्या विंडोज ७ला एक जीबी. २०२१च्या विंडोज ११ला किमान चार जीबी. वीस वर्षांत किमान गरज चौसष्टपट झाली. या काळात अर्ज लिहिण्याचे, हिशेब मांडण्याचे काम चौसष्टपट अवघड झाले काय? पास्कल या संगणकभाषेचे जनक निक्लाउस विर्ट यांनी १९९५ सालीच या फुगवट्याविरुद्ध लिहून ठेवले होते की, यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर सुस्तावत आहे. त्यांचे ऐकण्यात कोणाचा फायदा नव्हता. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला, तेव्हा तर पुरेशी रॅम असलेली धडधाकट यंत्रेही केवळ प्रोसेसर ठराविक यादीत नाही किंवा सुरक्षेची ठराविक चिप नाही म्हणून वाऱ्यावर पडली.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या देशात तपासून पाहिलेला आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा, लिनक्सचा मार्ग धरला त्याला आता बरीच वर्षे झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली २००७ सालीच दिली होती. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू चार जीबीच्या यंत्रावर बरीच हलकी चालते, आणि युनिकोड मराठी तिच्यावर उत्तम लिहिता येते. जुन्या मराठी फॉन्टांवर बसलेल्या डीटीपीच्या धंद्याला मात्र ती लगेच चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पण अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब यांसाठी हरकत कोणती? सवयीची, आणि काही शासकीय संकेतस्थळांची. ती एवढी जडजवाहीर बनवलेली असतात की एक साधा अर्ज भरताना यंत्राची दमछाक होते. १५ ऑगस्ट २०२१पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करावी असे ठरले. शेतकऱ्याच्या हाती काम देणे चांगलेच. पण त्याच्या हातातील स्वस्त फोनला ते ओझे झेपते की नाही, हे पाहणे ओझे देणाऱ्याचे काम आहे. सार्वजनिक पैशाने बनलेले प्रत्येक संकेतस्थळ आणि ॲप तालुक्यातील सर्वांत दुबळ्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आपल्या विरोधकांचा एक आवडता टोमणा आहे की, समाजवाद्यांनी संगणकाला विरोध केला. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्या काळी प्रश्न विचारला तो माणसाच्या हातचे काम जाईल त्याचे काय, असा होता, आणि तो आज अधिकच तीव्र झाला आहे. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्राच्या द्वेषाने नव्हे. यंत्र माणसाच्या आटोक्यात राहावे म्हणून. आपल्या परिसरातच त्याचे उदाहरण आहे. औंध संस्थानातील माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. तेथला लोखंडी नांगर शेतात चालू लागला तेव्हा फाळ झिजला तर फाळ बदलला जाई, नांगर नव्हे. लॅपटॉपच्या फाळाला आज नांगरासकट वितळवून एकजीव केले आहे.

दुरुस्तीच्या हक्काचे सरकारी संकेतस्थळ डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२४मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी केंद्राने समिती नेमली. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दहापैकी किती गुण हे छापण्याची सक्ती झाली; सुटे भाग मिळतात का, झाकण सहज उघडते का, यांवर ते गुण ठरतात. असे गुण वडूजच्या दुकानातील खोक्यावर दिसले, तर ‘पातळ आहे, झकास आहे’ या विक्रेत्याच्या बोलण्याला गिऱ्हाइकाकडे उत्तर राहील.

तोवर कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. रविवारी सकाळी अभ्यासिकेतील एक टेबल, लहान स्क्रूड्रायव्हरचा संच, लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह, आणि मोबाईल दुरुस्त करणारा एखादा तरुण, एवढ्यावर काम सुरू होते. त्या तरुणाला त्याची मजुरी द्यावी. दुरुस्ती ही सेवा नसून श्रम आहे. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, वाचनालय यांपैकी कोठेही नव्या लॅपटॉपची खरेदी निघाली तर सभेत उभे राहून दोन प्रश्न विचारावेत : रॅम डाखलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, आणि एक स्लॉट मोकळा आहे का? उत्तर तोंडी घेऊ नये, दरपत्रकावर लिहून घ्यावे.